पत्र कोणाच्या नावावर आलंय? बायबलचं वचन आणि रोजचं जगणं



मुरगूडसारख्या गावात बायबलवर व्याख्यान म्हटल्यावर दोन प्रकारचे श्रोते येणार, हे मी गृहीत धरलंय. काहींच्या घरी पवित्र शास्त्र रोज उघडलं जातं. काहींनी ते आयुष्यात कधी हातात घेतलेलं नाही, पण सायंकाळी व्याख्यान आहे म्हणून आलेत. दोघांनाही कळेल असं बोलायचा प्रयत्न करतो. आणि एक गोष्ट आधीच सांगतो. मी वचनं जशीच्या तशी म्हणून दाखवणार नाही. अध्याय सांगेन, आशय माझ्या शब्दांत सांगेन. घरी जाऊन तुम्ही मूळ वाचा. व्याख्यात्याच्या तोंडून वचन ऐकून समाधान मानायची आपल्याला फार सवय लागलीय.

विषय साधा आहे. बायबलचं वचन रोजच्या जगण्याला लावायचं म्हणजे काय करायचं?

आता हे आपण करतोच की, असं कोणी म्हणेल. भिंतीवर वचनाचं कॅलेंडर असतं. पूर्वी 'प्रॉमिस बॉक्स' नावाची एक डबी असायची, तिच्यात वचनांच्या गुंडाळ्या. सकाळी उठून एक काढायची. आता तेच काम मोबाईल करतो. सहा वाजता वचन हजर, मागे सूर्योदयाचं चित्र. यात वाईट काही नाही. दिवसाची सुरुवात कुरकुरीनं होण्यापेक्षा वचनानं झालेली बरी. पण या डबीत कुठली वचनं असतात ते बघा. आशीर्वादाची, संरक्षणाची, भरभराटीची. मजुरी वेळेवर द्या, असं सांगणारी गुंडाळी मी तरी आजवर कुणाच्या डबीत बघितलेली नाही.

दोन उदाहरणं घेऊ. यिर्मयाच्या पुस्तकातलं एकोणतिसाव्या अध्यायातलं अकरावं वचन ख्रिस्ती घरांत सगळ्यात जास्त लोकप्रिय असावं. तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत, तुम्हाला आशा आणि भवितव्य देणारे आहेत, अशा अर्थाचं. मुलगा बारावीला बसला की हे वचन, मुलीचं लग्न ठरेना की हे वचन. आता गंमत अशी, की हा अध्याय म्हणजे मुख्यतः एक पत्र आहे. अक्षरशः पत्र. यरुशलेमेतून यिर्मयानं ते बाबेलला पाठवलं, पाडाव करून नेलेल्या लोकांना. इकडे यरुशलेमेत हनन्या नावाचा एक संदेष्टा सांगत होता, की दोन वर्षांत सगळं आटोपेल, ते लोक घरी येतील. यिर्मया लिहितो, नाही. सत्तर वर्षं. तिथंच घरं बांधा, मळे लावा, पोराबाळांची लग्नं करा, आणि ज्या शहरानं तुम्हाला कैद करून नेलं त्याच शहराच्या भल्यासाठी प्रार्थना करा. हे सगळं सांगून झाल्यावर ते आशेचं वचन येतं. म्हणजे ज्यानं ते पत्र ऐकलं त्याला स्वतःला परतायला मिळणार नव्हतं, त्याच्या नातवाला मिळालं असतं. दहावं वचन कापून अकरावं भिंतीवर लावलं, की आपण यिर्मयाकडून थेट हनन्याकडे जातो.

दुसरं फिलिप्पैकरांच्या पत्रातलं. मला सामर्थ्य देणाऱ्याकडून मी सर्व काही करू शकतो, असा त्याचा भाव. पोरं परीक्षेच्या पॅडवर लिहितात. पौल हे तुरुंगातून लिहितोय आणि त्याच्या आधीच्या दोन ओळींत तो काय शिकला ते सांगतो: पोट भरलेलं असताना कसं राहायचं आणि उपाशी असताना कसं राहायचं. 'सर्व काही' म्हणजे हे. पेपर सोडवायचा असेल तर अभ्यास करावा. पौलाला त्यात ओढू नये.

तर माझं म्हणणं असं आहे. बायबलचं कुठलंही वचन म्हणजे पत्र आहे आणि पत्राला पत्ता असतो. पोस्टमन चुकून शेजाऱ्याचं पाकीट आपल्या दारात टाकून गेला तर आपण ते फोडत नाही. वचनांच्या बाबतीत मात्र आपण दोन प्रकारे हा उद्योग करतो. आशीर्वादाचं पाकीट दुसऱ्याच्या नावाचं असलं तरी आपण फोडतो, आणि फटकाऱ्याचं पाकीट आपल्या नावाचं असलं तरी ते शेजाऱ्याच्या दारात सरकवतो. 'आज पाळकांनी बोललं ते अगदी आमच्या भावजयीसाठीच होतं हो!' हे वाक्य उपासनेनंतर मंदिराच्या पायरीवर किती वेळा ऐकलं असेल मी!

यावर बायबलमध्येच एक गोष्ट आहे. दावीद राजानं उरीया या आपल्या शिपायाची बायको बळकावली आणि उरीयाला लढाईत पुढे ठेवून मारवलं. नाथान संदेष्टा त्याच्याकडे जातो, पण आरोप करत नाही. गोष्ट सांगतो. एका श्रीमंताकडे पुष्कळ मेंढरं, एका गरिबाकडे एकच कोकरू, लेकरासारखं वाढवलेलं. श्रीमंताकडे पाहुणा आला, तर त्यानं आपली मेंढरं राखली आणि गरिबाचं कोकरू कापलं. दावीद संतापतो. असल्या माणसाला जगायचा अधिकार नाही म्हणतो. बघा, दाविदाला गोष्ट पूर्ण कळलेली आहे. न्याय कशाला म्हणतात हे कळलंय, निकालही बरोबर दिलाय. फक्त ती कोणाच्या नावावर आलीय हे कळलेलं नाही. मग नाथान त्याला सांगतो, तो माणूस तूच.

डेन्मार्कचा तत्त्वज्ञ किर्केगार्द यानं १८५१ साली एक छोटं पुस्तक लिहिलं, आत्मपरीक्षणासाठी म्हणून. त्यात त्यानं याकोबाच्या पत्रातला आरसा घेतलाय. तो म्हणतो, विद्वान लोक आरशाची चौकट तपासतात, काच कुठली आहे बघतात, आणि आरशात बघायचं राहून जातं. मी तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य घालवलं, त्यामुळे हा फटका कोणाला आहे ते मला चांगलं माहीत आहे. पुढे विसाव्या शतकात गादामर या जर्मन तत्त्वज्ञानं १९६० साली आलेल्या त्याच्या मोठ्या ग्रंथात हेच वेगळ्या अंगानं मांडलं. आपल्याला वाटतं, आधी अर्थ समजतो, मग तो लावायचा. गादामर म्हणतो, लावल्याशिवाय समजतच नाही. न्यायाधीशाचं बघा. कलम पाठ आहे, पण समोरच्या खटल्यात ते काय सांगतं हे ठरवताना त्याला कलम खऱ्या अर्थानं कळतं. तत्त्वज्ञान इथंच थांबवतो. आता मुरगूडला येऊ.

इथून आदमापूर किती लांब आहे तुम्हाला मी सांगायला नको. बाळूमामांच्या भंडाऱ्याला अख्खा परिसर लोटतो. शेजारी ख्रिस्ती घर आहे. शेजारीण परत येते आणि नेहमीच्या मायेनं प्रसाद दारात आणून देते. घ्यायचा का? खायचा का? कोल्हापुरात अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर आले १८५२ साली. तेव्हापासून या भागातल्या ख्रिस्ती घरांत हा प्रश्न आहे, आणि अजून तो मिटलेला नाही. काही घरांत प्रसाद घेऊन खातात. काही घरांत हसून घेतात आणि दार लागल्यावर टाकून देतात. काही तोंडावर नको म्हणतात. तिन्ही घरं बायबलचंच नाव घेतात.

करिंथ शहरात पहिल्या शतकात हाच प्रश्न होता. देवळात बळी दिला जायचा, त्यातलं मांस तिथल्या पंगतीत वाढलं जायचं, उरलेलं बाजारात विकायला यायचं. नव्यानं ख्रिस्ती झालेला माणूस कालपर्यंत त्याच पंगतीत बसलेला. आता काय? पौलानं करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात आठव्या ते दहाव्या अध्यायात यावर लिहिलंय, आणि मला त्या तीन अध्यायांचं कौतुक वाटतं ते यासाठी, की त्यानं एका ओळीत 'चालेल' किंवा 'चालणार नाही' असं लिहून हात झटकले नाहीत. तो प्रसंग वेगळे करतो. प्रभुभोजनाला बसता आणि तिकडच्या देवळातल्या पंगतीलाही बसता, हे जमणार नाही, असं तो म्हणतो. भक्ती अशी दोन ताटांत वाटता येत नाही. पण बाजारात मांस घेताना हे कुठून आलं म्हणून चौकश्या करत बसू नका. आणि कोणी घरी जेवायला बोलावलं, जावंसं वाटलं, तर जा आणि पानात वाढलेलं खा, चौकशी नको. मात्र पंगतीतल्या कोणी मुद्दाम सांगितलं, की हे वाहिलेलं आहे, तर खाऊ नका. का? त्यात विष आहे म्हणून? नाही. सांगणाऱ्यासाठी. त्याच्या सदसद्विवेकबुद्धीसाठी.

म्हणजे पौल ताटात बघतच नाही. तो शेजारी कोण बसलंय ते बघतोय. ज्याला कळलंय, की एका देवाशिवाय दुसरा देव नाही आणि अन्न म्हणजे अन्न, त्याला तो म्हणतो: तुझं बरोबर आहे, पण तुझ्या या बरोबर असण्यामुळे तो दुसरा, ज्याचं मन अजून थरथरतं, तो कोसळत असेल तर मी जन्मात मांस खाणार नाही. आठव्या अध्यायाच्या शेवटाचा हा आशय आहे.

आता पाकिटाचा हिशोब करा. हे पत्र कोणाच्या नावावर आहे? खाणाऱ्याच्या, ज्याची भीती गेलीय त्याच्या. न खाणाऱ्यानं ते फोडून खाणाऱ्याच्या डोक्यावर आपटायचं नाही. न खाणाऱ्यासाठी वेगळं पाकीट आहे, रोमकरांच्या पत्रात चौदाव्या अध्यायात: खाणाऱ्यानं न खाणाऱ्याला तुच्छ मानू नये, आणि न खाणाऱ्यानं खाणाऱ्याला दोषी ठरवू नये. दोन माणसं, दोन पाकिटं. आपल्याकडे काय होतं? शिकलेला, शहरात राहिलेला ख्रिस्ती मुलगा गावी येतो आणि आजीसमोर मुद्दाम प्रसाद खातो, मी किती मोकळा आहे हे दाखवायला. त्या आजीनं तरुणपणी त्या एका गोष्टीसाठी भावकीची बोलणी खाल्लेली असतात. तिच्या नजरेसमोर ते करण्यात मोकळेपणा नाही, माज आहे. आणि दुसरीकडे मंडळीतला सगळ्यात वजनदार माणूस, ज्याच्या शब्दाबाहेर कोणी जात नाही, तो म्हणतो, माझं मन दुखावतं म्हणून कोणीच खायचं नाही. अहो, पौलानं ज्याला दुर्बल म्हटलंय तो हा नव्हे! ज्याच्या एका शब्दानं घरंच्या घरं वाळीत पडतात त्याला दुर्बल कोण म्हणेल?

मला कोणी विचारलं, की शेवटी घ्यायचा का नाही, तर मी म्हणेन: त्या शेजारणीचे हात बघा. ती तुम्हाला कसोटीला लावायला आलेली नाही, माया करायला आलीय. मनात अडखळत असाल तर तिला सरळ, प्रेमानं सांगा. ती समजून घेते, आपल्या गावांना तेवढं शहाणपण आहे. दारामागे नेऊन उकिरड्यावर टाकणं मात्र पौलाच्या कुठल्याच रकान्यात बसत नाही.

पुढचं उदाहरण उसाचं. कागल तालुक्यात बोलतोय आणि ऊस नाही, असं कसं होईल?

मत्तयाच्या विसाव्या अध्यायात द्राक्षमळ्यातल्या मजुरांचा दाखला आहे. मालक पहाटे बाजारात जातो, मजूर ठरवतो, दिवसाची ठरलेली मजुरी कबूल करतो. पुन्हा नऊच्या सुमाराला जातो, बाराला, तीनला, आणि शेवटी दिवस मावळायला तासभर राहिला असताना. तेव्हाही काही जण उभेच असतात. का उभे आहात म्हणून विचारतो, तर म्हणतात, आम्हाला कोणी लावूनच घेतलं नाही. संध्याकाळी सगळ्यांना सारखी मजुरी. पहाटेपासून राबलेले कुरकुर करतात.

या दाखल्यावर आपण प्रवचन करतो ते देवाच्या कृपेवर. आयुष्याच्या शेवटी वळलेल्यालाही तारण मिळतं, वगैरे. तो अर्थ आहेच, मी नाकारत नाही. पण स्वर्गाचा अर्थ इतक्या घाईनं काढला, की जमिनीवरचा मजूर नाहीसा होतो. संध्याकाळी पाचपर्यंत कोण उभं राहतं हो? मजुरांच्या अड्ड्यावर जाऊन बघा. सकाळी सातला धडधाकट पोरं जातात. उरतात ती म्हातारी माणसं, हाताला काही झालेले, अंगानं बारीक बायका. त्यांच्या घरी संध्याकाळी भाकरी लागतेच, पहाटे गेलेल्याइतकीच. येशूच्या ऐकणाऱ्यांना हे सांगावं लागत नव्हतं. त्यांच्या नियमशास्त्रात मजुराची मजुरी रात्रभर आपल्याकडे ठेवू नये असं लेवीयच्या एकोणिसाव्या अध्यायात आहे. अनुवादच्या चोविसाव्या अध्यायात तर कारणही दिलंय: तो गरीब आहे, त्याचा जीव त्या मजुरीत अडकलेला असतो. त्याच लेवीयच्या अध्यायात शेताच्या कडेचं पीक कापू नये आणि सरवा वेचू नये, तो गरिबाला ठेवावा, असंही आहे. 'सरवा' हा शब्द आपल्या मराठी बायबलात आहे आणि आपल्या शिवारातही आहे. भुईमूग काढून झाल्यावर मागं राहिलेल्या शेंगा वेचायला बायका येतात, तोच सरवा. इंग्लिश माध्यमात शिकलेल्या माझ्या नातवंडांना तो समजावून सांगावा लागतो; तुम्हाला नाही.

आता याकोबाच्या पत्राचा पाचवा अध्याय काढा. ज्यांनी तुमची शेतं कापली त्यांची तुम्ही अडकवून ठेवलेली मजुरी ओरडतेय, आणि ती हाक परमेश्वराच्या कानी गेलीय. हे वचन आपल्याकडचा ऊस उत्पादक वाचतो, तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर कारखाना येतो. साहजिक आहे. ऊस नियंत्रण आदेश १९६६ सालचा. ऊस घातल्यापासून चौदा दिवसांत एफआरपीचे पैसे मिळाले पाहिजेत आणि उशीर झाला तर वर्षाला १५ टक्क्यांनी व्याज, असा नियम. ते वेळेवर मिळावेत म्हणून या जिल्ह्यात किती आंदोलनं झाली, रस्ते अडले, हे तुम्ही बघितलंय. तेव्हा याकोब आपल्या बाजूनं बोलतोय असं शेतकऱ्याला वाटणं चूक नाही. त्या पाकिटावर कारखान्याचं नाव आहेच.

पण खाली दुसरं पाकीट आहे, आणि त्याच्यावर शेतकऱ्याचं नाव आहे. त्याच्या फडात जी टोळी उतरलीय ती बीडहून, आणखी कुठून कुठून आलेली. मुकादमाकडून उचल घेऊन आलेली. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' मोजला जातो. दोन माणसं, हिशोबात एक हत्यार. मला माहीत आहे, ऊस तोडायला टोळी जादा पैसे मागते, खुशाली मागते, शेतकरीही वैतागतो. टोळीतल्यांच्या नावाचंही पाकीट निघेल, ते त्यांनी उघडावं. आपण आपलं उघडू. टोळी फडाशेजारी राहते, तिला प्यायला पाणी कोण देतं? त्यांची पोरं दिवसभर कुठं असतात? आणि टोळी तर परगावची झाली. भांगलणीला येणाऱ्या आपल्याच गल्लीतल्या बायकांची हजेरी गड्यापेक्षा कमी का? समान कामाला समान वेतनाचा कायदा १९७६ साली आला. 'शनिवारी या, एकदम हिशोब करू' असं म्हणून आठवडाभर मजुरी ठेवायची आणि रविवारी दानाच्या पिशवीत नोट टाकायची. हे दोन व्यवहार याकोबाच्या पत्रात एकमेकांपासून वेगळे ठेवता येत नाहीत.

आता जड भाग. इथे मी जरा हळू बोलणार आहे.

एखाद्या बाईला नवरा मारतो. ती धीर करून मंडळीतल्या वडीलधाऱ्यांकडे येते. तिला दोन वचनं सांगितली जातात. एक, इफिसकरांच्या पाचव्या अध्यायातलं, पत्नीनं पतीच्या अधीन असावं. दुसरं, डोंगरावरील प्रवचनातलं, एका गालावर मारलं तर दुसरा पुढे करावा. प्रार्थना केली जाते आणि तिला परत पाठवलं जातं. हे आपल्या मंडळ्यांत घडतं, सगळ्या पंथांत घडतं, आणि करणारी माणसं वाईट असतात असंही नाही. त्यांना वाटतं, आपण वचन लावलं.

पत्ता बघू. इफिसच्या त्या अध्यायात बाविसावं वचन बायकोला आहे. त्याच्या आधी एकविसावं आहे: सगळ्यांनी एकमेकांच्या अधीन असावं. जुन्या ग्रीक हस्तलिखितांत बाविसाव्या वचनाला स्वतःचं क्रियापदसुद्धा नाही, ते एकविसाव्यावरूनच घ्यावं लागतं. आणि पंचविसाव्यापासून पुढे नवऱ्याला लिहिलंय, बायकोपेक्षा किती तरी जास्त ओळी: ख्रिस्तानं मंडळीसाठी जीव दिला, तशी प्रीती कर, आपलं स्वतःचं शरीर पोसतोस तसं तिला पोस. नवऱ्याच्या नावाचं एवढं जाड पाकीट बंद ठेवायचं आणि बायकोचं फोडून तिलाच वाचून दाखवायचं, ही कुठली रीत?

दुसऱ्या गालाचं बघा. ज्यानं हे शिकवलं, त्याला स्वतःला कोणी मारलं तेव्हा त्यानं काय केलं? योहानाच्या अठराव्या अध्यायात आहे. प्रमुख याजकापुढे चौकशी चाललीय, शिपाई येशूच्या तोंडात मारतो. येशू गप्प बसत नाही आणि उलट मारतही नाही. तो विचारतो: मी चुकीचं बोललो असेन तर ते दाखव; नसेन तर मला का मारतोस? पौलाला फिलिप्पै शहरात फटके मारून तुरुंगात टाकलं, आणि सकाळी गुपचूप निघून जा म्हटलं, तर तो म्हणाला, रोमी नागरिकाला चौकशीविना चारचौघांत मारता आणि आता चोरून सोडता? अधिकाऱ्यांनी स्वतः यावं. प्रेषितांच्या कृत्यांचा सोळावा अध्याय. म्हणजे कायद्याचा आधार घेणं, मारणाऱ्याला जाब विचारणं हे विश्वासाच्या विरुद्ध आहे असं पौलाला वाटलं नाही. मग घरगुती हिंसाचारापासून स्त्रियांना संरक्षण देणारा २००५ चा कायदा वापरणाऱ्या बाईला आपण अविश्वासी का ठरवतो? वैर न धरणं ही शिकवण आहे. मार खात राहणं ही शिकवण नाही. आणि गाल पुढे करायचा की नाही हे मार खाणारा ठरवील. बाजूला उभं राहून दुसऱ्याचा गाल पुढे करायचा हक्क त्या वचनानं कोणालाच दिलेला नाही.

वचनाचा असा उलटा वापर नवा नाही. अमेरिकेत गुलाम बाळगणारे मळेवाले दासांनी धन्याची आज्ञा पाळावी हे वचन गुलामांना वाचून दाखवत. गुलामगिरी मोडणाऱ्यांच्या हातातही तेच बायबल होतं. आपल्या जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हे पुस्तक ज्यांना अर्पण केलं, ती गुलामांना मुक्त करणारी अमेरिकेतली माणसं. चौथ्या शतकाच्या शेवटी संत ऑगस्टीननं एक कसोटी घालून दिली होती, माझ्या मते अजून तिच्यापेक्षा चांगली सापडलेली नाही. शास्त्राचा जो अर्थ देवावरची आणि शेजाऱ्यावरची प्रीती वाढवत नाही, तो अर्थ अजून लागलेलाच नाही असं समजावं.

आता पंडिता रमाबाई. महाराष्ट्रात वचन जगण्याला लावण्याचं याहून स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही. वेदशास्त्र शिकलेली, कलकत्त्याच्या पंडितांनी गौरवलेली ही बाई १८८२ साली विधवा झाली आणि पुढच्या वर्षी लहान मनोरमेला घेऊन इंग्लंडला गेली. वाँटेजच्या ख्रिस्ती भगिनींकडे त्या राहत होत्या. भगिनींनी त्यांना लंडनजवळ फुलहॅमला पाठवलं. तिथं समाजानं 'पतित' म्हणून टाकलेल्या स्त्रियांसाठी काम चाले. रमाबाई चकित झाल्या. अशा बायकांना कोणी मायेनं वागवतं, आजारपणात त्यांची सेवा करतं, हे त्यांनी कधी बघितलं नव्हतं. त्यांनी विचारलं, तुम्ही हे का करता? उत्तर म्हणून त्यांच्यापुढे योहानाचा चौथा अध्याय उघडला गेला. शोमरोनी स्त्री.

भर दुपारी एक बाई विहिरीवर येते. येशू तिच्याकडे पाणी मागतो. ती चकित होते, कारण यहूदी माणूस शोमरोन्याच्या भांड्याला शिवत नाही. आपल्याला टीकाग्रंथ उघडायची गरज नाही. १९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर काय झालं ते माहीत असलं की हे वाक्य कळतं. तिचे पाच नवरे झालेले आहेत. प्रवचनांत या बाईला सरसकट 'पापी बाई' म्हणायची पद्धत आहे. अध्याय पुन्हा वाचा. येशू तिला पापी म्हणत नाही, पुन्हा पाप करू नकोस असंही म्हणत नाही. पाच नवरे तिनं सोडले, की मेले, की त्यांनी तिला टाकलं, हे तिथं लिहिलेलं नाही. त्या काळी सोडचिठ्ठी बहुधा पुरुषाच्या हातात होती. लिहिलेलं आहे ते वेगळंच. उपासना या डोंगरावर करायची की यरुशलेमेत, असा धर्मशास्त्राचा प्रश्न ती विचारते आणि येशू तिला पूर्ण उत्तर देतो.

रमाबाईंनी काय केलं? ही गोष्ट वाचून त्यांनी ती बाई कोण असा विचार केला नाही. त्या बायका त्यांना माहीत होत्या, त्या स्वतः त्यांच्यातल्या एक होत्या. १८८९ साली मुंबईत विधवांसाठी शारदा सदन उघडलं, मग ते पुण्याला आलं. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य भारतात गेल्या आणि उपाशी, टाकलेल्या मुलींना घेऊन केडगावला आल्या. तिथल्या मुक्ती मिशनमध्ये फसवल्या गेलेल्या, 'वाईट चालीच्या' म्हणून हाकललेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन झालं. फुलहॅममध्ये विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर त्यांनी केडगावात दिलं. आणि त्यासाठी पुण्यातल्या सनातन्यांचे शिव्याशाप घेतले, मिशनरी वरिष्ठांशी वाद घातले, दोन्हीकडून.

त्यांच्या शेवटच्या वर्षांतलं काम आहे बायबलचं मराठी भाषांतर. मराठीत मत्तयाचं शुभवर्तमान विल्यम केरींनी सेरामपूरहून १८०५ सालीच छापलं होतं; नंतर पूर्ण भाषांतरं झाली. ती असताना रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि नव्यानं बसल्या. त्यांचं म्हणणं होतं, की आहे ती भाषा माझ्या मुलींना, खेड्यातल्या बायकांना कळत नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या. केडगावच्या छापखान्यात, जिथं आश्रमातल्या बायका खिळे जुळवायच्या, तिथं ते संपूर्ण बायबल १९२४ साली छापून पूर्ण झालं.

एक छोटी सूचना करतो, घरी करून बघण्यासारखी. रात्री कौटुंबिक उपासनेत वचन वाचून झालं, की बहुतेक घरांत वडील समजावून सांगतात आणि बाकीचे जांभया देतात. त्याऐवजी प्रत्येकानं एकच गोष्ट सांगायची: या वाचनात मला काय सांगितलंय. 'मला' एवढाच नियम. तुला, तिला, आजकालच्या पोरांना, हे शब्द बंद. वडिलांनी पहिल्यांदा बोलायचं, म्हणजे बाकीच्यांना धीर येईल. सासऱ्यांनी सुनेसमोर इफिसकरांचा पंचविसावा श्लोक वाचून, मी इतकी वर्षं काय केलं, असं म्हटलं तर त्या घरात काय होईल ते मी सांगायला नको. पहिले काही दिवस अवघड जाईल, शांतता पसरेल. पसरू दे.

वेळ झालाय. पुढच्या रांगेतून चिठ्ठ्या आलेल्या दिसतायत. बहुतेक प्रसादावरच्याच असतील. त्या घेऊ आता.